सांबराच्या लेंड्या: नमुना बिघडतो तो जंगलातच

जंगली हरणाची तब्येत तपासायला त्याला पकडणं हा सगळ्यात वाईट मार्ग. धावपळीने आणि भीतीने त्याचं अंग तापतं, स्नायू आतून मोडायला लागतात, आणि सोडून दिलेलं जनावर काही तासांत किंवा काही दिवसांनीही दगावू शकतं. म्हणून भीमाशंकरच्या सांबर-भेकरांचा अभ्यास करायचा तर लेंड्या गोळा कराव्यात. अभयारण्यात त्यासाठीही मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते. ती हातात असल्याशिवाय एक लेंडीही उचलू नये.

निघण्याआधी काय शोधायचंय ते पक्कं करा, कारण जपण्याची रीत त्यावर ठरते. जंतांची अंडी मोजायची असतील तर नमुना ४ अंश सेल्सियसच्या आसपास थंड ठेवायचा, गोठवायचा नाही. गोठवलं की अंडी फुटतात, आकार बिघडतो. ताणाचे हार्मोन मोजायचे असतील तर नेमकं उलटं: लवकरात लवकर उणे २० अंशांवर गोठवायचं, कारण लेंडीतले जिवाणू हार्मोनचे अंश पुढे मोडत राहतात. डीएनएसाठी लेंडीचा बाहेरचा थर महत्त्वाचा, आतड्याच्या पेशी तिथेच चिकटलेल्या असतात. ती शुद्ध इथेनॉलमध्ये किंवा ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलवर ठेवतात. सगळं एकाच पिशवीत भरून आणलं तर तिन्ही कामं अर्धवट होतात, म्हणून प्रत्येक ढिगाचे जागेवरच तीन भाग करावेत.

ताजी लेंडी ओलसर, गडद असते आणि तिच्यावर चिकट चकाकी असते. चकाकी गेली, भेगा पडल्या, शेणकिडे लागले की ती सोडून द्या. मातीला टेकलेल्या लेंड्याही नकोत: मातीत मोकळे राहणारे सूत्रकृमी (दोऱ्यासारखे बारीक जंत) आत शिरतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली हरणाच्याच जंतांच्या अळ्या वाटतात. ढिगाच्या वरच्या आठ-दहा लेंड्या हातमोजे घालून उचलाव्यात, दोन ढिगांच्या लेंड्या एका पिशवीत घालू नयेत. वाडीवस्तीजवळ शेळ्या चरतात, आणि भेकराची लेंडी शेळीच्या लेंडीशी सहज गल्लत होण्याइतकी सारखी दिसते. शेजारी खुरांचे ठसे स्पष्ट नसतील तर त्या नमुन्यावर ‘अनिश्चित’ लिहा, अंदाजाने नाव घालू नका. पावसाळ्यात लेंड्या भिजून त्यातलं बरंच धुऊन जातं. पावसात सापडलेल्या ढिगाचे आकडे कोरड्या दिवसांच्या आकड्यांशेजारी मांडू नयेत.

घाट उतरून पुण्यात यायला काही तास लागतात. बर्फाच्या पिशव्या घातलेला थर्मोकोलचा डबा नसेल तर उन्हाळ्यात बऱ्याच गोलकृमींची अंडी दिवसभरात उबून अळ्या बाहेर पडतात, मग मोजणी कमी भरते.

मोजणी सोपी आहे. ४ ग्रॅम विष्ठा ५६ मिलिलिटर संपृक्त (आणखी मीठ विरघळणार नाही अशा) मिठाच्या पाण्यात चांगली घोटायची, गाळायची, ढवळत असतानाच पिपेटने मॅकमास्टर काचपट्टीचे (अंडी मोजायच्या, रेघा आखलेल्या काचपट्टीचे) दोन्ही कप्पे भरायचे आणि पाच मिनिटं थांबून १० पट भिंगाखाली बघायचं. दोन कप्प्यांतली अंडी गुणिले ५० म्हणजे दर ग्रॅमला अंडी. ढवळणं थांबवून पिपेट बुडवली तर अंडी वर जाऊन बसतात आणि आकडा चुकतो. तासाभरापेक्षा जास्त वेळ ठेवलं तर मिठाने अंडी आक्रसतात. लिव्हर फ्लूकची (यकृतातल्या चपट्या जंताची) अंडी जड असल्याने मिठाच्या पाण्यात वर येतच नाहीत. त्यासाठी साध्या पाण्यात गाळ बसवून तळ तपासावा लागतो. ‘फ्लूक नाही’ असं फक्त मिठाच्या पद्धतीवरून लिहिलेलं मी ग्राह्य धरत नाही.

आणि दर ग्रॅमला अंडी म्हणजे पोटातले जंत नव्हेत. पातळ विष्ठेत तेवढीच अंडी विरळ दिसतात, मादीच्या विण्याच्या सुमारास आकडा चढतो, आणि धडधाकट जंगली हरणाच्या पोटातही जंत असतातच. एका ढिगावरून कळप आजारी ठरवू नये. एकाच भागातले, एकाच ऋतूतले बरेच नमुने आणि सोबत विष्ठेचं वाळवून काढलेलं वजन असेल तरच त्या आकड्याचा अर्थ लावता येतो.