बेकारी भत्ता चालू असताना भारतात यायचं असेल तर

जर्मनीत नोकरी गेल्याचं कळलं की घरून पहिला प्रश्न येतो, "सरकार पैसे देतंय ना? मग ये की दोन-तीन महिने इकडे." आईवडील हे मनापासून म्हणतात, आणि नाही म्हणताना जीव तुटतो.

इथला बेकारी भत्ता, म्हणजे आर्बाइट्सलोझनगेल्ड, हा आपल्याच पगारातून कापल्या गेलेल्या विम्याचा असतो. गेल्या 30 महिन्यांत किमान 12 महिने हप्ते भरलेले असले, तर निव्वळ पगाराच्या सुमारे 60 टक्के मिळतात, मूल असेल तर 67. पण अट अशी की मुलाखतीला बोलावणं आलं, काम निघालं, तर तुम्ही लगेच हजर होऊ शकला पाहिजेत. साताऱ्यात बसून ते होत नाही. म्हणून गाव सोडण्याआधी रोजगार कार्यालयाची परवानगी लागते. न सांगता गेलात आणि उघडकीला आलं, तर घेतलेले पैसे परत करावे लागतात, शिवाय दंडही होऊ शकतो.

भत्ता चालू ठेवून वर्षाला तीन आठवडे बाहेर राहता येतं. हे 21 दिवस शनिवार-रविवार धरून मोजतात, आणि घोळ होतो तो इथेच, कारण नोकरीतली रजा आपण कामाच्या दिवसांत मोजत आलेलो असतो. मुक्काम तीन ते सहा आठवड्यांचा असेल तर पहिल्या तीन आठवड्यांचेच पैसे मिळतात. सलग सहा आठवड्यांहून जास्त जायचं ठरवलंत, तर पहिल्या दिवसापासूनच काही नाही. मुलांच्या उन्हाळी सुट्टीभर गावी राहण्याचा बेत असेल तर हे आधी लक्षात घ्या.

बेकारीच्या पहिल्या तीन महिन्यांत परवानगी सहसा देत नाहीत. तरी सबळ कारण असेल तर विचारायला कचरू नका. माझ्या एका मित्राच्या वडिलांची बायपास ठरली, तेव्हा त्याने आधी फोन केला, हॉस्पिटलचं पत्र जोडलं आणि परवानगी घेऊनच विमानात बसला. असं कारण ऐकून घेणारी माणसं त्या कार्यालयातही असतात.

खरी अडचण तिकिटाची. स्वस्त तिकीट काही महिने आधी काढावं लागतं, आणि परवानगी बहुधा निघायच्या थोडेच दिवस आधी मिळते. त्यामुळे चार पैसे जास्त गेले तरी तारीख बदलता येणारं तिकीट घ्या, असं मी आग्रहाने सांगेन.

युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशात काम शोधायला जाणाऱ्याला भत्ता तीन महिने सोबत नेता येतो. भारतासाठी तशी सोय नाही. दोन देशांमधला सामाजिक सुरक्षेचा करार पेन्शनशी निगडित आहे, बेकारी भत्ता त्यात येत नाही.

ब्लू कार्डवाल्यांनी, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा निवास परवाना असलेल्यांनी, आणखी एक करावं: नोकरी मुदतीआधी संपल्याचं कळल्यापासून दोन आठवड्यांत परदेशी नागरिक कार्यालयाला कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. ते पत्र आधी पाठवा, बॅगा नंतर भरा.