खारीला आधीच बरंच काही येत होतं

खारी घरी आली तेव्हा चारेक वर्षांची असावी, असा डॉक्टरांचा दातांवरून अंदाज. खारी बिस्किटाच्या रंगाची गावठी कुत्री. एका कानाला खाच, म्हणजे नसबंदी झालेली. नसबंदी आणि रेबीजची लस झाली की रस्त्यावरच्या कुत्र्याला जिथून उचललं तिथंच परत सोडायचं, असं 2023 चे प्राणी जन्म नियंत्रण नियम सांगतात. हिला मात्र परत सोडण्यासारखं नव्हतं. हायवेलगत गाडीनं उडवल्यामुळे कमरेचं हाड मोडलं होतं. ते जुळलं, पण मागचा डावा पाय ओढत राहिला. त्या रस्त्यावर ती फार दिवस जगली नसती, म्हणून निवारा केंद्रानं तिला दत्तक द्यायचं ठरवलं आणि ती कोल्हापुरात आमच्याकडे आली.

‘‘हिला काहीच शिकवलेलं नाही हं,’’ केंद्रातल्या ताई निघताना म्हणाल्या. घरी चार दिवस राहिल्यावर मला दिसलं ते उलटंच. हिला भरपूर शिकवलेलं होतं, फक्त शिकवणारा रस्ता होता. माणूस खाली वाकला की दगड उचलतो. हात वर गेला की दगड येतो. मोटरसायकल जवळ येऊन हळू झाली की लाथ बसते. गळ्यात काही पडलं की आपल्याला उचलून नेतात. आणि सापडलेला घास ताबडतोब गिळायचा, नाहीतर तो दुसऱ्याचा होतो. मला शिकवायचं होतं ते ‘बस’, ‘थांब’, ‘ये’, ‘सोड’ एवढंच. पण यातली प्रत्येक गोष्ट या जुन्या धड्यांपैकी कशाला तरी जाऊन धडकायची.

‘बस’चंच घ्या. सगळीकडे सांगतात ती पद्धत अशी: मुठीत खाऊ धरायचा, कुत्र्याच्या नाकासमोरून डोक्यावर न्यायचा, नाक वर गेलं की बूड आपोआप खाली टेकतं. पिल्लाला हे लगेच जमतं. खारीसमोर मी थोडी वाकून हात वर नेला, तर ती जमिनीला चिकटली, कान मागे पडले आणि फरशी ओली झाली. तिच्या हिशेबानं ते बरोबरच होतं. वाकलेला माणूस आणि वर गेलेला हात, दोन्ही एकदम समोर.

मग हाताचा नाद सोडला. मी पाटावर बसायचे, तिच्याकडे तोंड न करता थोडी आडवी, मांडीवर वाटी. ती आपण होऊन बसली की खाऊ. तोंडानं काही म्हणायचं नाही, वाट बघायची. तेव्हा दिसलं की ती सरळ कधी बसतच नाही. एका कुशीवर कलंडते, नाहीतर तडक आडवी होते. डॉक्टरांना दाखवलं, एक्स-रे काढला. हाड जुळलं होतं, पण सांधा आखडलेला. ‘‘हिला उठाबशा काढायला लावू नका,’’ एवढंच ते म्हणाले. इथं मी हे मुद्दाम लिहितेय, कारण मोठ्या वयाचं कुत्रं ‘ऐकत नाही’ तेव्हा बऱ्याचदा ते दुखत असतं. शिकवायला घेण्याआधी डॉक्टरांनी कंबर, गुडघे, दात, कान बघितलेले बरे.

आम्ही ‘बस’ यादीतून काढून टाकलं. तसंही पाहुण्यांना दाखवण्यापलीकडे त्याचा उपयोग फारसा नाही, आणि ‘शेकहँड’चा तर अजिबात नाही. त्याच्या जागी ‘थांब’ आलं: चारी पायांवर उभं राहायचं, हलायचं नाही. दारातून बाहेर पडताना, रस्ता ओलांडताना, सुई टोचताना, सगळीकडे हेच लागतं.

कुत्र्याला आपण शब्द शिकवतो असं वाटतं, खरं तर वेळ शिकवावी लागते. तिनं बरोबर केलं त्या क्षणी तिला कळलं पाहिजे. खाऊ तोंडापर्यंत जाईतो ती दुसरंच काही करत असते. म्हणून खाऊच्या आधी एक ठराविक आवाज करायचा, आणि तो आवाज म्हणजे खाऊ नक्की, हे आधी पक्कं करायचं. पावलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाला 1904 चं नोबेल मिळालं ते पचनावरच्या कामासाठी, पण जगाच्या लक्षात राहिली ती खाण्याआधीच्या नुसत्या आवाजाला लाळ गाळणारी त्याची कुत्री. तोच हा प्रकार. बाजारात यासाठी क्लिकर मिळतो. त्याच्या ‘टक्’ला खारी कपाटामागे पळाली. मग मी जिभेनं टाळूवर ‘टॉक्’ करायला लागले. टॉक्, खाऊ. टॉक्, खाऊ. ती नुसत्या आवाजाला वळून बघायला लागल्यावर पुढचं काम सुरू.

खाऊ म्हणजे मटणवाल्याकडची कलेजी. उकडायची, कोरडी करायची, हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे कापायचे. मोठा तुकडा दिला तर कुत्रं चावत बसतं आणि शिकणं तिथंच थांबतं. धडा तीन-चार मिनिटांचा, जेवणाच्या आधी, आणि तुकडे जितके जातील तितकं जेवण कमी. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, कलेजीचा डबा बघून म्हणाल्या, ‘‘माणसांना रविवारी आणि कुत्रीला रोज, असं आहे तर.’’

शेजारच्या काकांकडे पूर्वी जर्मन शेफर्ड होता. त्यांचं मत वेगळं. ‘‘आधी धनी कोण ते दाखवा हिला. मान धरून एकदा आडवी पाडा, मग बघा.’’ ही समजूत नुसती काकांची नाही. रुडॉल्फ शेंकेल या अभ्यासकानं 1947 मध्ये बंदिस्त लांडग्यांवर जे लिहिलं, तिथून ती कुत्र्यांपर्यंत पसरत गेली. एका कुंपणात कोंडलेले, एकमेकांना अनोळखी लांडगे वर्चस्वासाठी भांडतात, असं त्यात होतं. लांडग्यांचेच अभ्यासक डेव्हिड मीच (Mech) यांनी 1970 च्या पुस्तकात तीच कल्पना पुढं नेली. पुढं रानातल्या लांडग्यांजवळ वर्षानुवर्षं काम केल्यावर 1999 मध्ये त्यांनीच लिहिलं, की रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पोरं, तिथं कुणाला ‘अल्फा’, म्हणजे भांडून झालेला धनी, म्हणण्यात अर्थ नाही. काकांना मी हे सगळं सांगितलं नाही. ‘‘कंबर मोडलीय काका, आडवी कशी पाडू?’’ एवढ्यावर विषय संपला.

सगळ्यात आधी अंगवळणी पडलं ते ‘जागेवर’, म्हणजे आपल्या ठरलेल्या जागी जाऊन पडणं. टाइल्सवर तिचा मागचा पाय घसरायचा, म्हणून ती भिंतीला घासत चालायची. मी आईंची एक जुनी गोधडी चौघडी करून कोपऱ्यात टाकली. गोधडीवर पाय पडला की टॉक् आणि तुकडा गोधडीवरच. दोन पाय, मग चार पाय, मग आडवी झाली की दोन तुकडे. शब्द सगळ्यात शेवटी, ती आपणहून तिकडे निघालीय हे दिसल्यावर. आधीपासून ‘जागेवर, जागेवर’ म्हणत राहिलं असतं तर तो शब्द पंख्याच्या आवाजात जमा झाला असता. या गोधडीचा खरा फायदा घराबाहेर झाला. दवाखान्यात बाकाखाली ती अंथरली की खारी तिच्यावर जाऊन पडते. जागा परकी असली तरी गोधडी तिची असते.

पट्ट्याला जास्त वेळ लागला. गावठी कुत्र्याचं डोकं निमुळतं आणि मान जाड. घाबरून मागे सरकलं की साधा गळपट्टा सरळ डोक्यावरून निघतो. म्हणून छातीचा पट्टाही लावायचा आणि दोर दोन्हींना अडकवायचा. घरात आधी नुसता पट्टा दाखवून कलेजी, मग अंगाला लावून कलेजी, मग बक्कल लावून जेवण. बाहेर मात्र गल्लीतली कुत्री. त्यांच्या हद्दीतून हिला न्यायचं म्हणजे आधी वाटाघाटी. इथं कलेजीनंच मोजमाप दिलं. समोर कुत्रं दिसतंय आणि ही तुकडा खातेय, तर अंतर ठीक. तुकडा नाकाशी धरूनही घेत नाही, किंवा बोटांसकट ओढतेय, तर आपण फार जवळ आलोय, मागं फिरायचं. अशा वेळी ‘थांब, थांब’ ओरडण्यात अर्थ नसतो. भेदरलेल्या जिवाला त्या क्षणी काही शिकता येत नाही. दुसऱ्या बाजूच्या फुटपाथवरून सुरुवात केली आणि हळूहळू रस्ता अरुंद करत आणला. दिवाळीच्या आठवड्यात सगळं बंद ठेवलं. खिडक्या लावून गोधडीवर जेवण, बाकी काही नाही.

‘ये’ शिकवताना माझा मी काढलेला शब्द चाललाच नाही. ‘खारी, ये’ म्हटलं की ती माझ्याकडे बघायची आणि जागच्या जागी विचार करायची. एकदा ती अंगणातल्या पेरूखाली जाऊन बसली, पाऊस सुरू झाला तरी आत येईना. आई भाकरीचा तुकडा घेऊन दारात आल्या आणि खेड्यात बोलावतात तसं ‘यू यू यू यू’ केलं. खारी लंगडत, पण धावत आली. रस्त्यावर कुणीतरी तिला रोज असंच बोलावून शिळं घालत असणार. रस्त्यानं शिकवलेलं हे एक आमच्या कामाचं निघालं, मग ते कशाला मोडायचं? आमच्या घरात ‘ये’ म्हणजे आता ‘यू यू’. वेताळासारखं ओरडावं लागतं आणि कळंब्याच्या तळ्यावर फिरायला आलेले लोक वळून बघतात, पण काम होतं.

त्याचे नियम मात्र कडक ठेवले. ‘यू यू’ केलं की खाऊ मिळालाच पाहिजे, प्रत्येक वेळी. आंघोळीला, औषधाला, नखं कापायला बोलवायचं असेल तर हा आवाज काढायचा नाही, आपण उठून तिच्याजवळ जायचं. ती येणार नाही असं दिसत असेल तेव्हाही काढायचा नाही. मोकळ्या जागेत सरावासाठी बैलांचं साहित्य मिळतं त्या दुकानातून लांब सुती कासरा आणला. तो छातीच्या पट्ट्याला बांधायचा, गळ्याला कधीच नाही, कारण धावत्या कुत्र्याला शेवटी बसणारा हिसका मानेवर येतो. कासरा जमिनीवर सोडून चालायचं, ओढायला वापरायचा नाही. ओढून आणलेलं कुत्रं आलेलं नसतं.

आणि ‘सोड’. कोल्हापुरात कुत्रं पाळायचं तर हे पहिलं शिकवावं असं आता माझं मत झालंय. रविवारी दुपारनंतर आमच्या भागात रस्त्यावर मटणाची हाडं नसलेला कोपरा दाखवा. शिजलेलं हाड चावताना त्याच्या अणकुचीदार चिरफळ्या होतात आणि त्या घशात, आतड्यात रुततात. खारीनं एक नळी उचलली. मी जवळ गेले तशी ती ताठ झाली, डोळ्यांच्या कडांचा पांढरा भाग दिसायला लागला आणि घशातून बारीक गुरगुर. घरच्यांचं म्हणणं, गुरगुरली तर फटका द्या. गुरगुर म्हणजे तिनं सभ्यपणे दिलेली सूचना. ती सूचना मारून बंद केली तर पुढच्या वेळी थेट चावाच.

मी चार तुकडे तिच्यापासून लांब, मागच्या बाजूला फेकले. ती वळून खायला गेली, तेवढ्यात हाड पायानं गटारात ढकललं. हा झाला त्या दिवसाचा निभाव, शिकवणं नव्हे. शिकवणं घरी, नारळाच्या करवंटीपासून, म्हणजे जिच्यात तिला रस नाही अशा वस्तूपासून. करवंटी तोंडात, ‘सोड’, कलेजी फेकायची, ती खाऊन आली की करवंटी परत तिलाच द्यायची. यातलं परत देणं महत्त्वाचं. सोडलं की जातं, हा तिचा रस्त्यावरचा अनुभव. सोडलं की जास्त मिळतं आणि आपलंही परत येतं, हे तिला पटेपर्यंत आम्ही करवंटी, मग दोरी, मग शिळी भाकरी, मग कच्चं हाड असे चढत गेलो. रस्त्यावर अजूनही दर वेळी सोडत नाही. पाव सोडते. नळी असेल तर माझ्या हातात काय आहे ते आधी बघते, मग ठरवते.

आता मुसक्याचं चाललंय. नखं कापताना मागचा पाय धरला की तिला दुखतं, आणि डॉक्टरांचा हात वाचवायचा तर जाळीचं मुसकं घालणं भाग आहे. आतून दही लावून मी ते पाटाशेजारी नुसतं धरून बसते, तिच्या तोंडावर चढवत नाही. नाक आपणहून आत घालते, चाटूनपुसून साफ करते आणि बाहेर काढते. पट्टा मागे आवळायचं अजून बाकी आहे. दही बरंच लागणार असं दिसतंय. आईंनी विरजणाचं मोठं पातेलं काढून ठेवलंय.