डीमधला हरवलेला सेकंद

जॉब कार्डवर तक्रार एका ओळीची होती : 'डीमध्ये पिकअप कमी, मॅन्युअल मोडमध्ये बरोबर.' डी म्हणजे गिअरबॉक्स आपणहून गिअर बदलतो तो मोड; मॅन्युअलमध्ये गिअर चालक मागतो. सोबत आधीच्या वर्कशॉपचा कागद होता, त्यात गिअरबॉक्सची व्हॉल्व्ह बॉडी, म्हणजे तेलाचा दाब योग्य क्लचकडे वळवणारा भाग, बदलायला सांगितलं होतं. गाडी टर्बो डिझेल, आठ गिअरची, टॉर्क कन्व्हर्टरवाली (इंजिनाचा जोर तेलातून गिअरबॉक्सला पोचवणारी) ऑटोमॅटिक.

तो सल्ला मला वाचताक्षणी खटकला. मॅन्युअल मोडसाठी या गिअरबॉक्समध्ये वेगळी यंत्रणा नसते. स्टिअरिंगमागचं पॅडल ओढलं की संगणकाकडे फक्त मागणी जाते, आणि ती मान्य करायची की नाही हे तोच ठरवतो. आतले क्लच तेच, व्हॉल्व्ह तेच, तेलाचा दाबही तोच. व्हॉल्व्ह बॉडी बिघडली असती तर दोन्ही मोडमध्ये झटके बसले असते, गिअर घसरला असता. एकाच मोडमध्ये दिसणारी तक्रार म्हणजे बहुतेक वेळा गिअर कधी बदलतो याची तक्रार असते.

स्कॅनरवर एकही फॉल्ट कोड नव्हता. तेल स्वच्छ होतं, क्लचची अ‍ॅडॅप्टेशन मूल्यं (झिजेनुसार संगणकाने केलेली जुळवणी) मर्यादेत होती. मग इंजिन-गिअरबॉक्सचे आकडे क्षणोक्षणी नोंदवणारा लॉगर जोडला आणि गाडीच्या मालकीणबाईंना घेऊन चाचणीच्या ट्रॅकवर गेलो.

आधी थांबलेल्या गाडीपासून ताशी १०० पर्यंत. मॅन्युअलमध्ये त्या प्रत्येक गिअर लाल रेषेपर्यंत, म्हणजे ४८०० आरपीएमपर्यंत (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या) खेचायच्या. डीमध्ये पाय पूर्ण दाबला तरी गिअरबॉक्स ४२०० च्या आसपासच वरचा गिअर टाकायचा. कानाला मॅन्युअल जास्त जोरकस वाटत होतं. लॉगमध्ये मात्र डी दर वेळी आधी १०० ला पोचत होता.

याचं कारण आकड्यांतून फार छान दिसतं. तिसऱ्या गिअरचं गुणोत्तर २.१०६, चौथ्याचं १.६६७. या इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ४८०० ला २२० न्यूटन-मीटरपर्यंत उतरतो. तो तिसऱ्या गिअरने गुणला की ४६३ येतात. त्याच वेगाला चौथ्या गिअरमध्ये इंजिन ३८०० वर असतं, तिथे टॉर्क ३२५ मिळतो आणि गुणाकार येतो ५४२. म्हणजे लाल रेषेवर तिसरा गिअर धरून ठेवला की चाकांना कमी जोर मिळतो आणि आवाज तेवढा वाढतो. ४२०० ला दोन्ही गिअरचे गुणाकार जवळजवळ सारखे येतात, आणि गिअरबॉक्स नेमका तिथेच बदलत होता. ज्या इंजिनिअरने गिअर कधी बदलायचा याचा तक्ता बसवला, त्याचं काम मला मनापासून आवडलं. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाची गोष्ट वेगळी. तिथे ताकद बहुधा लाल रेषेजवळच शिखरावर असते, त्यामुळे गिअर ताणण्यात खरोखर फायदा असतो.

मी लॉग दाखवला. त्यांनी तो नीट पाहिला आणि म्हणाल्या, "हे पटलं. पण मी थांबलेल्या गाडीबद्दल बोलतच नाहीये हो. दुपदरी रस्त्यावर ट्रकच्या मागून बाहेर काढताना गाडी विचार करत बसते."

सगळी केस या एका वाक्यात होती. जॉब कार्डवरच्या 'पिकअप' या शब्दात ती मावली नव्हती.

मग ताशी ८० चा वेग धरला. डीमध्ये गाडी सातव्या गिअरमध्ये, इंजिन १७०० च्या आसपास. त्यांनी पाय तळापर्यंत दाबला. गिअरबॉक्सने लॉक-अप क्लच (टॉर्क कन्व्हर्टरला थेट जोडून ठेवणारा) सोडला, मधले गिअर वगळून थेट चौथा टाकला, आरपीएम ३४०० वर गेले. गिअर वेळेवर पडला होता. तरी गाडी लगेच झेपावली नाही, कारण लॉगमधली बूस्टची, म्हणजे टर्बोने इंजिनात ढकललेल्या हवेच्या दाबाची, रेषा अजून खालीच होती. कमी आरपीएमवर एक्झॉस्टचा प्रवाह मंद असतो, टर्बो हळू फिरत असतो. त्याला वेग घ्यायला जो वेळ लागतो तो गिअरबॉक्सच्या हातातला नाही.

नंतर तेच मॅन्युअलमध्ये. बाहेर पडण्याआधीच त्यांनी पॅडल तीनदा ओढून चौथा घेतला, मग पाय दाबला. इंजिन आधीच ३४०० वर होतं, टर्बोची चाकं बऱ्यापैकी वेगात होती, त्यामुळे बूस्ट लगेच चढला. दोन रेषा एकमेकींवर ठेवल्या तेव्हा फरक सुमारे एका सेकंदाचा निघाला. ताशी ८० ला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. समोरून वाहन येत असताना हे अंतर लहान नाही, आणि बाईंना ते शरीराने जाणवलं होतं. त्यांची तक्रार खरी होती, फक्त भाग खराब नव्हता.

डी मोडला पायाखालच्या अ‍ॅक्सिलरेटर पेडलची स्थिती कळते, वेग कळतो, चढ कळतो. दहा सेकंदांनी चालकाला ट्रक ओलांडायचा आहे, हे त्याला पेडल दाबेपर्यंत कळायचा मार्ग नाही. स्टिअरिंगमागच्या पॅडलची खरी किंमत मला इथे दिसते. घाटात उतरताना खालचा गिअर धरून ठेवणं हाही त्याच जातीचा उपयोग.

हीच तक्रार एएमटी गाडीवर, म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच यंत्राने चालवणाऱ्या गाडीवर, आली असती तर मी वेगळं शोधलं असतं. तिथे एकच क्लच असतो, तो गिअर बदलताना सुटतो आणि तेवढा वेळ चाकांना ताकद पोचतच नाही. ड्युअल क्लचमध्ये पुढचा गिअर आधीच लावून ठेवलेला असतो. पण तो वरचा असेल आणि चालकाला खालचा हवा असेल तर तिथेही थांबावं लागतं. ऑटोमॅटिक या एका नावाखाली इतकी वेगळी यंत्रं येतात, की प्रकार न विचारता दिलेला सल्ला मी मानत नाही.

परतताना त्यांनी विचारलं, "असं खालचे गिअर टाकून गिअरबॉक्स लवकर जाणार नाही ना?" मी त्यांना ८० च्या वेगालाच दुसरा गिअर मागायला सांगितलं. त्या गिअरमध्ये इंजिन ६००० च्या वर गेलं असतं. त्यांनी पॅडल ओढत ओढत तिसरा घेतला, पुढे ओढलं तर डॅशबोर्डवरचा ३ हललाच नाही. संगणकाने ती मागणी नाकारली होती.

व्हॉल्व्ह बॉडी बदलली नाही. जॉब कार्डवर मी लिहिलं : गिअरबॉक्स ठीक, ओव्हरटेकआधी चौथा गिअर घ्यावा. बूस्टचा आलेख छापून सोबत जोडला.