तुम्ही विचारलंत म्हणून: मुलं खरंच असं बोलतात?

भौतिकशास्त्र शिकवते म्हटलं की ठरलेला प्रश्न येतो: ‘ते वर्गातले किस्से खरे, की तुम्ही पदरचं घालता?’ मीठमसाला थोडा माझा असतो. उत्तरं मुलांचीच, मला तेवढं सुचत नाही.

इकडून तिकडे फिरणाऱ्या विनोदांतला विद्यार्थी नेहमी बिनडोक असतो. प्रत्यक्षात हशा पिकतो तो बरोबर, निदान अर्ध्या बरोबर उत्तरांवर.

कार्य म्हणजे बल गुणिले बलाच्या दिशेनं झालेलं विस्थापन. भिंत कितीही ढकला, हलली नाही तर कार्य शून्य. एवढं सांगून होतंय तोच शेवटच्या बाकावरून, “मॅडम, मग घाम कशाचा?” सगळे हसले, पण प्रश्न अस्सल होता. स्नायू टेबलाच्या पायासारखा नुसता ताठ उभा राहत नाही. त्यातले तंतू सतत आवळत-सुटत राहतात, त्यात ऊर्जा खर्च होते आणि तिची उष्णता होते. म्हणजे भिंतीवर कार्य शून्य, अंगातला खर्च चालूच. त्यावर तो शांतपणे म्हणाला, “मेहनत खरी, मार्क शून्य. सवय आहे मॅडम.”

न्यूटनचा तिसरा नियम, म्हणजे प्रत्येक बलाला तेवढंच उलट बल, शिकवला की वर्गात गुद्दागुद्दी होणारच. “मी नाही मारलं, त्याच्या पाठीनंच माझ्या हाताला तेवढ्याच बलानं मारलं.” बलं समान, मान्य. दुखणंही समान असतं असं न्यूटन कुठे म्हणाला नव्हता.

माझा सगळ्यात लाडका किस्सा अवकाश स्थानकाचा. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर अंतराळवीर तरंगतात, कारण तिथे गुरुत्वाकर्षणच नाही, यावर अख्ख्या वर्गाचं एकमत. मी विचारलं, “मग स्थानक पृथ्वीभोवती फिरतं कशाला? सरळ निघून का जात नाही?” जरा वेळानं एकजण म्हणाला, “सवय लागली असेल.” हसू नका, जडत्व याहून वेगळं काय असतं? फक्त ती सवय सरळ जायची असते. वाट वाकवतं गुरुत्वाकर्षण, आणि त्या उंचीवर ते जमिनीवरच्या सुमारे ९० टक्के असतं. स्थानक आणि आतली माणसं सोबतच पृथ्वीकडे पडत असतात, म्हणून तरंगतात. त्या पोराला मी अर्धा मार्क दिला. उरलेल्या अर्ध्यासाठी तो आठवडाभर मागे लागला होता.

एककांचं तर विचारूच नका. “वेग वीस.” “वीस काय, उंदीर?” पुढच्या चाचणीत एका उत्तरपत्रिकेत स्वच्छ अक्षरात: २० उंदीर प्रति सेकंद.

परवा कुणीतरी विचारलं, सूर्य आत्ता गायब झाला तर? प्रकाशाला यायला सुमारे ८ मिनिटं २० सेकंद लागतात, आणि गुरुत्वाकर्षणातला बदलही प्रकाशाच्याच वेगानं पोचतो. तोवर उजेडही तसाच, पृथ्वीची वाटही तीच. घड्याळाकडे बघत मागून आवाज आला, “तास संपायला दहा मिनिटं आहेत. मॅडम, गृहपाठ कशाला देताय?”

दिला.