पाणी साचणाऱ्या बागेत कोणती झाडं लावावीत?

आधी जमीन तपासा. दीड फूट खोल खड्डा पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशीही तळाशी पाणी दिसलं तर पपई आणि शेवग्याचा नाद सोडा. मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात आणि झाड पाण्यात उभं असूनही सुकतं.

अशा जागी माझी पहिली पसंती ताम्हणीला. कोकणात ती ओढ्याकाठी आपसूक वाढते, उन्हाळ्यात जांभळ्या फुलांनी भरते आणि अंगणात मावते. अर्जुनही उत्तम, पण तो प्रचंड वाढतो. घरापासून किमान २५ फूट लांब हवा. जांभूळ, करंज चालतात. उंबर मात्र सेप्टिक टँकजवळ नकोच, मुळं आत शिरतात.

चिकण मातीत खोल खड्डा खणून शेणखताने भरणं ही सर्रास होणारी चूक. भोवतालचं पाणी त्या भुसभुशीत खड्ड्यातच उतरतं आणि तुंबतं. त्याऐवजी तिथलीच माती ओढून फूटभर उंच, चार-पाच फूट रुंद उंचवटा करा, त्यावर रोप लावा. बुंधा मातीत गाडू नका. भर पावसात लावू नका. सप्टेंबरमध्ये पाऊस ओसरला की लावा.