नळीमागच्या काळ्या रेघा

गडचिरोली जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी लॅब टेक्निशियन आहे. पावसाळ्यात दिवसभर तापाच्या काचपट्ट्या आणि जोडीला सिकलसेलची, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराची, सोल्युबिलिटी टेस्ट. नळीतल्या द्रावणात रक्ताचा थेंब टाकायचा, पाच मिनिटं थांबायचं आणि मागे धरलेल्या कागदावरच्या काळ्या रेघा दिसतात का ते बघायचं. द्रावण गढूळ झालं, रेघा दिसेनाशा झाल्या, की माझ्या पोटात अजूनही गोळा येतो. पुढे इलेक्ट्रोफोरेसिसवर, म्हणजे विजेनं हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या तपासणीवर, एएस (एकाच पालकाकडून दोष आलेला, वाहक) की एसएस (दोघांकडून आलेला, रुग्ण) ते ठरतं.

परवा एका एएस पोराला समजावत होते. जंगलपट्टीत हा दोष टिकला तो मलेरियामुळेच, हे १९५४ साली संशोधक अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत दाखवलं. फाल्सिपेरम या घातक मलेरियाचा परजीवी वाहकाच्या तांबड्या पेशीत शिरला की ती पेशी लवकर वाकडी होते, प्लीहा तिला परजीवीसकट गाळून टाकते. प्राणवायू कमी असला की परजीवीची वाढही खुंटते.

"मंग मॅडम, मले मलेरिया होनार नाई का?"

होणार रे बाबा! जिवावर बेतण्याचा धोका कमी, एवढंच. ताप आला की तपासणी, रात्री मच्छरदाणी, सुटका नाही. एसएस असलेल्याला तर हे संरक्षणही नाही. त्याला मलेरिया फार जड जातो.

त्याचं लग्न ठरतंय. दोघंही एएस निघाले तर प्रत्येक खेपेला मूल एसएस होण्याची शक्यता चारात एक. सोमवारी तो मुलीला घेऊन येतोय. नळी धुऊन ठेवलीय.