धाकटी पाती

दिवाणखान्यातली थोरली हाय-फाय, म्हणजे गाणी ऐकायची अ‍ॅम्प्लिफायर-स्पीकरांची जोडणी, नीट बसून ऐकावी लागते. दोन्ही स्पीकरांपासून सारख्या अंतरावर खुर्ची, आणि हातातलं काम बाजूला ठेवून त्या खुर्चीत बसलेला माणूस. आतल्या खोलीसाठी दुसरी, धाकटी हाय-फाय घ्यायची म्हटली की डोळ्यांपुढे हेच चित्र येतं, फक्त छोटं. तीच जोडणी, निम्म्या आकारात आणि निम्म्या खर्चात. मग घरात एक अर्धवट नक्कल येते आणि ती लावली की दर वेळी थोरलीची आठवण होत राहते. खरं तर या धाकट्या पातीचा संसारच वेगळा. ती ऐकली जाते तिच्याकडे पाठ करून टेबलाशी बसून, पलंगावर आडवं पडून, कपड्यांच्या घड्या घालता घालता. पुष्कळदा तर एकाच कानाने.

तेव्हा स्पीकरांची माहितीपत्रकं चाळण्याआधी त्या खोलीच्या मध्यावर उभं राहावं आणि एक कोरडी टाळी वाजवावी. टाळीला मागून ‘टर्रर्र’ असं शेपूट फुटलं, तर समोरासमोरच्या दोन उघड्या भिंती आवाज एकमेकींकडे टोलवत आहेत असं समजावं. अशा खोलीत भारीतल्या भारी ट्वीटरचाही (स्पीकरमधला बारीक, उंच सुरांचा भाग) ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचतो. त्यातल्या एका भिंतीशी पुस्तकांचं कपाट लावलं किंवा जाड पडदा सोडला की शेपूट तुटतं. खाली सतरंजी असेल तर उत्तमच.

खर्ज मात्र पडद्या-सतरंजीला जुमानत नाही. त्याचा हिशोब भिंतींमधल्या अंतराशी. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. त्याला त्या अंतराच्या दुपटीने भागलं, की त्या दोन भिंतींत अडकून घुमणारा सगळ्यात खालचा सूर मिळतो. भिंती ३ मीटर अंतरावर असतील तर ५७ हर्ट्झ, ३.६ मीटरवर असतील तर ४८. लांबी-रुंदी वेगवेगळी असली तर हे घुमके वाटले जातात. चौरस खोलीत दोन्ही एकाच सुरावर येऊन बसतात आणि तेवढा एक सूर मडक्यात बोलल्यासारखा येतो. गंमत अशी की त्याच खोलीच्या ऐन मध्यावर बसलं तर तो सूर जवळजवळ नाहीसा होतो, आणि मागच्या भिंतीला टेकून बसलं तर सगळ्यात जास्त फुगतो. म्हणून खुर्ची मध्यावरही नको आणि भिंतीलाही नको. लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर ठेवून बघावी आणि तिथून वीतभर मागे-पुढे करावी. वीतभराने फरक पडतो आणि खर्च शून्य.

पलंग काही असा सरकवता येत नाही. तिथे मग स्पीकरच असा घ्यावा, की ज्याला खालचा खर्ज जमतच नाही. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण लहान खोलीत ही उणीव नसून सोय आहे. बीबीसीच्या अभियंत्यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बाह्यप्रक्षेपणाच्या, म्हणजे स्टुडिओबाहेरून कार्यक्रम प्रसारित करणाऱ्या गाड्यांसाठी ‘एलएस३/५ए’ नावाचा स्पीकर तयार केला. उंची जेमतेम ३० सेंटीमीटर, पोटात सुमारे ५ लिटर हवा, पेटी पूर्ण बंद. गाडीच्या चिंचोळ्या खोलीत बसून निवेदकाचा आवाज तपासायचा, एवढंच त्याचं काम. त्याला खोल खर्ज नाही, दणकून वाजवला तर तो दमतो, आणि तरीही माणसाचा आवाज असा जिवंत, की गाड्या मोडीत निघाल्यावरही लोक त्याला घरच्या लहान खोल्यांत सांभाळून आहेत. धाकट्या खोलीचा स्पीकर कसा असावा, याचा एवढा चांगला नमुना दुसरा नाही.

आज मिळणाऱ्या बहुतेक बुकशेल्फ, म्हणजे फळीवर मावणाऱ्या स्पीकरांच्या पेटीला भोक असतं, आणि पुष्कळदा ते मागच्या बाजूला. त्यातून खर्ज वाढतो. पण भिंत जवळ आली की भिंतही खर्ज वाढवते, आणि कोपऱ्यात तर दोन भिंती मिळून वाढवतात. दोघांनी एकदमच मनावर घेतलं, की निवेदक छातीत कफ झाल्यासारखा बोलू लागतो. स्पीकरासोबत स्पंजाचे बुच आले असतील तर ते भोकात घालून पाहावेत. नसतील तर पायमोज्याची गुंडाळीही चाचणीपुरती चालते. गोळाबेरीज अशी: भिंतीपासून अर्धा मीटर जागा देता येत असेल तर मागे भोक असलेला स्पीकर खुशाल घ्यावा. फळीवरच ठेवायचा असेल तर बंद पेटीचा, किंवा ज्याचं भोक पुढे आहे असा. फळीवर ठेवताना त्याचं तोंड फळीच्या काठाशी आणावं. आत ढकलून ठेवला तर पुढे उरलेल्या लाकडावर आवाज आपटतो आणि स्पष्टपणा जातो. ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून ९० ते १०० सेंटीमीटरवर. फळी उंच असेल तर स्पीकरच्या मागच्या काठाखाली रबराचे दोन तुकडे सरकवून त्याचं तोंड खाली झुकवावं.

वॅटचा मोह हा या खरेदीतला सगळ्यात फुकट मोह. हिशोबच मांडू. स्पीकरची संवेदनशीलता ८६ डेसिबल लिहिलेली असेल तर १ वॅट विजेला, १ मीटरवर आवाजाची पातळी ८६ डेसिबल. २ मीटरवर मोकळ्या जागेत ८०. खोलीत भिंतींच्या मदतीने थोडं जास्तच. मागे हलकंसं वाजणारं संगीत सरासरीने ७० च्या वर क्वचित जातं. ८० वरून ७० वर यायला वीज दहा पटींनी कमी, म्हणजे वॅटचा दहावा हिस्सा. संगीतातली एखादी थाप सरासरीच्या २० डेसिबल वर उसळली तर तेवढ्या क्षणापुरती शंभरपट वीज हवी, म्हणजे १० वॅट. ३०-४० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर इथे ऐसपैस होतो. त्याजागी ८० वॅटचा आणून काय पदरात पडतं? फक्त ३-४ डेसिबल.

त्यापेक्षा अ‍ॅम्प्लिफायरवर एक जुन्या वळणाचं बटण शोधावं: ‘लाउडनेस’, बारीक आवाजात खर्ज उचलून देणारं. आवाज बारीक केला की कानाला खर्ज सगळ्यात आधी ऐकू येईनासा होतो. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी हे १९३३ मध्ये मोजून दाखवलं. थोरल्या खोलीत हे बटण शुद्धतावाद्यांना चालत नाही, ठीक आहे. पण रात्री शेजारी कुणी झोपलेलं असताना ऐकायचं, तर ते किंवा निदान बास-ट्रेबलच्या खुंट्या हव्याच. नुसत्या व्हॉल्यूमच्या एका सुंदर चकतीवर या खोलीत भागत नाही.

आता थोरलीचे उतरलेले कपडे धाकटीला घालायचे का, हा घरोघरचा प्रश्न. घालावेत, पण झटकून. जुन्या वूफरच्या, म्हणजे खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या शंकूच्या कडेला फोमची वळी असेल तर ती साधारण १५-२० वर्षांत कुजते. बोटाने हलकेच दाबावी. चिकट लागली किंवा भुगा हाताला आला तर वळी बदलावी, वूफर फेकू नये. रबराची वळी पुष्कळ टिकते. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरची खुंटी फिरवताना खरखर आली तर वीज बंद करून आत कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारावा आणि खुंटी वीस-तीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावी. सुरू केल्यावर काही सेकंदांनी ‘टक्’ असा आवाज येतो, तो संरक्षक रिलेचा, म्हणजे सगळं ठीक असेल तरच स्पीकर जोडणाऱ्या आतल्या स्विचचा, घाबरण्याचं कारण नाही. तो नेहमी येत असून आज आलाच नाही तर मात्र आत काहीतरी बिघडलं आहे. मल्टिमीटर असेल तर स्पीकर काढून, आवाज शून्यावर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलांवर डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचा दाब) मोजावं. ५० मिलिव्होल्टच्या आत ठीक. काही शे मिलिव्होल्ट दिसले तर तिथे स्पीकर लावूच नयेत; बिघाड वाढून आकडा कित्येक व्होल्टांवर गेला तर स्पीकरमधलं तारेचं वेटोळं, व्हॉइस कॉइल, तापून जळते. आणि थोरलीचे उंच टॉवर स्पीकर इकडे ढकलायचा विचार असेल, तर वरचा ५७ हर्ट्झचा हिशोब पुन्हा वाचावा.

ज्यांना वायरींचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी अ‍ॅक्टिव्ह स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर पोटातच. टेबलावर संगणकाच्या दोन बाजूंना ठेवायचे असतील तर याहून सुटसुटीत काही नाही. फक्त संगणकाला जोडल्यावर कधीकधी त्यातून एकसुरी ‘हूंऽऽ’ येते. दोन उपकरणं वेगवेगळ्या सॉकेटांतून वीज घेतात आणि अर्थिंगचं वेटोळं तयार होतं, त्यात विजेच्या तारांतला सूर शिरतो. दोन्ही एकाच एक्स्टेन्शन पट्टीवर लावून पाहावीत किंवा मधे ऑप्टिकल केबल घ्यावी, तिच्यातून वीज जातच नाही. अर्थिंगची पिन काढून टाकणं हा उपाय नव्हे, तो जिवाशी खेळ आहे.

दोन्ही खोल्यांत एकच गाणं एकदम वाजवायची हौस असेल तर वाय-फायवर चालणारी, एकाच कंपनीच्या घराण्यातली दोन यंत्रं घ्यावीत. ब्लूटूथ एकटंच असताना ठीक, पण त्याला सहज शे-दोनशे मिलिसेकंदांचा उशीर होतो. मधलं दार उघडं राहिलं की एकाच गायकाचा दुसरा गायक पाठलाग करतोय असं ऐकू येतं. बाकी गाणी कुठून आणायची यात फार शिरण्यात अर्थ नाही. कसोटी एकच: खोलीत शिरल्यापासून पहिला सूर कानावर पडेपर्यंत किती बोटं हलवावी लागतात. तीन यंत्रं क्रमाने सुरू करावी लागणारी धाकटी आठवडाभरात अडगळ होते.

राहिली वायर. १.५ चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर ५ मीटरपर्यंत पुरते; जाऊन-येऊन रोध सुमारे ०.१२ ओहम, ८ ओहमच्या स्पीकरपुढे किरकोळ. डावी-उजवी वायर सारख्याच लांबीची हवी, ही निव्वळ समजूत. अ‍ॅम्प्लिफायर बंद असताना टोकाचं आवरण सेंटीमीटरभर सोलावं, तारा एकाच दिशेने घट्ट पिळाव्यात आणि टर्मिनलमध्ये घातल्यावर वाकून बघावं, एखादी केसासारखी तार बाहेर डोकावत शेजारच्या टर्मिनलला टेकली आहे का. ती एक तार अख्खा अ‍ॅम्प्लिफायर घालवू शकते.

सगळं जोडून झालं की गाणं लावायची घाई न करता एका माणसाचं नुसतं बोलणं लावावं. तो आवाज दोन्ही स्पीकरांच्या मधोमध, जिथे भिंतीशिवाय काहीच नाही, तिथून यायला हवा. तो डोक्याभोवती पसरला आणि त्यातला खर्जही हरवला, तर एका स्पीकरची लाल-काळी वायर उलट लागली आहे. एकाचीच बदलावी. घाईत दोन्हींची बदलली तर बिघाड जिथल्या तिथे.